हरकतीचे सात दिवस

जुलैचा मध्य म्हणजे वर्धा जिल्ह्यात डवऱ्याचे दिवस. पावसाने दोन दिवस उघाड दिली की कास्तकार बैलजोडी घेऊन वावरात उतरतो, बायका निंदणाला लागतात, आणि ज्याचं बी दडपलं त्याची दुबार पेरणीची धावपळ चाललेली असते. २०२५ साली नेमक्या याच दिवसांत, सोमवारी १४ जुलैला, जिल्हा परिषदेच्या गटांचा आणि पंचायत समितीच्या गणांचा प्रारूप आराखडा सरकारी कचेऱ्यांच्या फलकांवर लागला. हरकत नोंदवायची शेवटची तारीख होती २१ जुलै. मधे एक शनिवार आणि एक रविवार. गावाने पुढची पाच वर्षं कोणत्या गावांच्या संगतीने मत द्यायचं, हे ठरण्याआधी गावाला बोलायला मिळाले ते एवढे दिवस.

प्रारूप आराखडा म्हणजे एक तक्ता. एका रकान्यात गटाचा क्रमांक आणि नाव, शेजारी गणाचा क्रमांक आणि नाव, मग लोकसंख्या, तीत अनुसूचित जाती किती आणि जमाती किती, आणि रुंद रकान्यात स्वल्पविराम देत भरलेली गावांची नावं. फलकासमोर उभा राहिलेला माणूस बोट फिरवत आपलं गाव शोधतो. वर्ध्यात हे शोधणं सोपं नाही, कारण इथे गावांच्या नावांना कंस लागलेले आहेत. तळेगाव (श्यामजीपंत) वेगळं, तळेगाव (टालाटुले) वेगळं. आंजी म्हटलं की कुठली, मोठी का, असं विचारावं लागतं. पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगाव, उमरी या नावांपुढे (मेघे) आहे, आणि सिंदी (रेल्वे) हे पुन्हा दुसरंच गाव. कंसातला एक शब्द चुकला तर आख्खं गाव भलत्या तालुक्यात वाचलं जातं. बोट थांबतं आणि मागून प्रश्न येतो, ‘‘भाऊ, आपलं गाव कोन्या गटात टाकलं?’’ ‘टाकलं’ हे क्रियापद लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाव गेलं नाही, टाकलं गेलं, असं बोलणाऱ्याला वाटतं.

गट म्हणजे जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून देणारा मतदारसंघ. प्रत्येक गटात दोन गण, आणि एकेका गणातून पंचायत समितीचा एकेक सदस्य. २०१७ साली वर्धा जिल्हा परिषदेच्या ५२ गटांत मतदान झालं होतं, म्हणजे गण १०४. खेड्यापाड्यात ‘गट’ शब्दाने गोंधळ होतो, कारण दोनतीन गावं मिळून झालेल्या ग्रामपंचायतीलाही गट ग्रामपंचायतच म्हणतात. इथे आपण जिल्हा परिषदेच्या गटाबद्दल बोलतो आहोत. ग्रामीण रस्ता, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, गुरांचा दवाखाना, अंगणवाडीची खोली या सगळ्यांसाठी गावाने ज्याच्या दारात जायचं, तो माणूस या रेषेने ठरतो.

रेषा कोण आखतं? जिल्हाधिकारी आराखडा तयार करतात. त्यावर आलेल्या हरकतींची सुनावणी विभागीय आयुक्त घेतात, म्हणजे वर्ध्याच्या लोकांना नागपूर गाठावं लागतं, पाऊणशे किलोमीटर. आष्टी-आर्वीकडच्यांचा तर त्यात सारा दिवस मोडतो. गट आखण्याचे नियम मात्र लपलेले नाहीत आणि अवघडही नाहीत. सुरुवात उत्तरेकडून करायची, पुढे पूर्वेकडे, मग पश्चिमेकडे सरकत दक्षिणेला संपवायचं. वर्ध्याच्या नकाशात हे आष्टी-कारंज्याकडून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत उतरत येणं आहे. गट तालुक्याची हद्द ओलांडत नाही. ग्रामपंचायत शक्यतो फोडायची नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या दोन तुकड्यांत वाटायच्या नाहीत. नदी, नाला, रस्ता, रेल्वे या नैसर्गिक आणि ठळक खुणांचा मान राखायचा. आणि लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वरखाली, एवढ्या मर्यादेत ठेवायची. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतरची जनगणना झालेलीच नव्हती.

खरी गाठ आहे ती या दहा टक्क्यांत, म्हणून जरा थांबून हिशेब करू.

समजा एका तालुक्यात गटाची सरासरी लोकसंख्या १६,००० आहे. म्हणजे कुठलाही गट १४,४०० च्या खाली आणि १७,६०० च्या वर जाता कामा नये. समजा आपलं गाव ९०० वस्तीचं आहे आणि ते ज्या गटात टाकलं त्याची लोकसंख्या १५,१०० भरते. गावाचं म्हणणं असं की आमचा बाजार, आमची शाळा, आमची एसटी सगळं पलीकडच्या गटात आहे, आम्हाला तिकडे घ्या. म्हणणं सोळा आणे खरं. पण आपलं गाव काढलं की मागे उरतात १४,२००, म्हणजे हा गट मर्यादेच्या खाली गेला. पलीकडचा गट आधीच १७,००० असेल तर ९०० मिळवून तो १७,९०० होतो, म्हणजे वर गेला. अशी हरकत वाचणारा अधिकारी कितीही सहृदय असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. हरकत फेटाळली जाते आणि गावात बोललं जातं की साहेबांनी ऐकलंच नाही.

हीच हरकत दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येते. आमच्या बदल्यात पलीकडच्या गटातलं अमुक गाव, वस्ती ८५०, इकडे द्या. ते गाव या गटाच्या मुख्य रस्त्यावरच आहे, आणि त्या गावालाही ते हवं आहे. आता पहिला गट होतो १५,०५० आणि दुसरा १७,०५०. दोन्ही मर्यादेत. पण यासाठी त्या दुसऱ्या गावाच्या सरपंचाला भेटावं लागतं, त्यांच्या ग्रामसभेत बसावं लागतं, दोन गावांचे दोन ठराव एकमेकांना जुळवून घ्यावे लागतात. डवऱ्याच्या दिवसांत, सात दिवसांत. मला या सगळ्या प्रक्रियेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शेजारच्या गावाशी बोलल्याशिवाय स्वतःच्या गावाची रेषा हलत नाही.

या सात दिवसांना एवढं वजन का, तर त्यानंतर दार जवळजवळ बंद होतं. राज्यघटनेत ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींचा भाग आला, तो २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्यातल्या २४३-ओ या अनुच्छेदाने मतदारसंघांच्या आखणीचा कायदा न्यायालयात आव्हान देण्याच्या कक्षेबाहेर ठेवला. पुढे १९९५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या प्रधान संघ क्षेत्र समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आखणीलाही हात लावता येणार नाही. मात्र आखणीपूर्वी हरकती मागवल्याच नाहीत, म्हणणं मांडायची संधीच दिली नाही, तर गोष्ट वेगळी. साध्या भाषेत सांगायचं तर न्यायालय एवढंच पाहणार की गावाला विचारलं होतं का. विचारलं असेल आणि गाव बोललं नसेल, तर विषय तिथेच संपला.

मग गावाने काय बोलावं? अनेक हरकती भावनेच्या असतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अमुक गावाशी जोडलेले आहोत, आम्हाला तोडू नका. हे खोटं नसतं, पण तक्त्याच्या रकान्यात ते बसत नाही. त्याच गावाकडे रकान्यात बसणारं पुष्कळ असतं, फक्त ते कोणी कागदावर उतरवलेलं नसतं. नकाशावर दोन गावं खेटून दिसतात, पण मधे नाला आहे आणि त्यावर पूल नाही. कोरड्या दिवसांत बंडी जाते. पावसाळ्यात मात्र पांदण बंद होते, आणि शेजारच्या गावाला जायला दहा-बारा किलोमीटरचा फेरा पडतो. धाम, बोर, वणा, यशोदा या नद्यांना आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांना ज्यांनी आषाढ-श्रावणात पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नाल्याचं नाव, रपट्याची जागा, फेऱ्याचं अंतर, एसटी कुठून कुठे जाते आणि दिवसातून किती वेळा, दवाखाना कोणत्या गावात, दहावीची पोरं कुठे जातात, एवढं एका पानावर मांडलं की ‘भौगोलिक सलगता’ हा नियमातला शब्द गावाच्या बाजूने उभा राहतो.

पारधी बेड्यांचं उदाहरण घ्या. वर्धा जिल्ह्यात गावाबाहेर माळावर, जंगलाच्या कडेला पारधी समाजाचे बेडे आहेत. बेडा एका मौजाच्या हद्दीत, रेशन दुसऱ्या गावी, शाळा तिसरीकडे, असं होतं. जमातीची वस्ती फोडू नये हा नियम आहेच, पण वस्ती कुठे संपते हे कचेरीतल्या कागदावर नीट लिहिलेलं नसेल तर नियमाला पकडायला काही सापडत नाही. बेड्यावरचा माणूस फलक वाचायला तहसीलला येण्याची शक्यता सगळ्यांत कमी. त्याच्या वतीने ग्रामसभेने बोलायचं असतं, आणि ग्रामसभा किती गंभीर आहे ते मला वाटतं इथेच कळतं.

दुसरं उदाहरण धरणांचं. अप्पर वर्धा आणि लोअर वर्धा या प्रकल्पांनी आष्टी आणि आर्वी तालुक्यांतली गावं उठवली आणि नव्या जागी वसवली. गाव उठलं, पण जुन्या मौजाचं नाव महसुलाच्या कागदांत राहतं. नव्या वसाहतीला लोक ‘पुनर्वसन’ म्हणूनच ओळखतात, आणि ती उभी असते दुसऱ्याच मौजाच्या जमिनीवर. एकदा गावठाण गेलेल्या लोकांना यादीत आपलं नाव कोणत्या शीर्षकाखाली आहे हे पाहावंसं वाटणं अगदी साहजिक आहे.

याच्या उलट टोकाला रिठी गावं. जिल्ह्यात असे शेकडो मौजे आहेत, जिथे शिवार आहे, सातबारा आहे, कुठे पडक्या देवळाचा चौथरा आहे, पण चूल एकही पेटत नाही. साथ, दुष्काळ, पाण्याची टंचाई, कारणं निरनिराळी. अशा गावाची लोकसंख्या शून्य, म्हणून गटाच्या हिशेबात त्याचं वजनही शून्य. इंग्लंडात एके काळी हे बरोबर उलटं होतं. ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीला, जिथे वस्ती म्हणून जवळजवळ काही उरलं नव्हतं, पार्लमेंटात दोन जागा होत्या. १८३२ च्या सुधारणा कायद्याने त्या गेल्या. माणसं मोजून रेषा ओढायची ही पद्धत तिथेही भांडूनच आली आहे.

पण माणसं मोजायची ती कधीची? वर्धा शहराला चिकटून असलेल्या पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी, म्हसाळा या गावांतून फिरलं तर गाव कुठे संपलं आणि शहर कुठे लागलं ते कळत नाही. नवे लेआउट, सिमेंटचे रस्ते, नोकरदारांची घरं. ही गावं ग्रामपंचायतीची आणि मतदान जिल्हा परिषदेच्या गटात. २०११ नंतर तिथे जेवढी घरं चढली त्यातलं एकही २०२५ च्या तक्त्यात नाही. उलट आडमार्गाच्या ज्या खेड्यातून पोरं नागपूर-पुण्याला गेली, तिथली जुनी संख्या तशीच धरलेली. म्हणजे एका गटातल्या मताचं वजन दुसऱ्या गटातल्या मतापेक्षा नकळत कमी होतं. दर वर्षी वाढणाऱ्या गावाने चौदा वर्षांपूर्वीच्या अंगरख्यात बसायचं, हा अन्याय मला गटांच्या नावांवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि त्यावर एका गावाच्या हरकतीचा उपाय चालत नाही.

मोठं गाव ग्रामीण यादीतून बाहेर पडलं की काय होतं, हे सेलू, कारंजा (घाडगे), आष्टी आणि समुद्रपूर यांच्या भोवतालच्या गावांनी पाहिलं आहे. तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायत करण्याचं धोरण २०१४ मध्ये आलं आणि ही चारही गावं जिल्हा परिषदेतून निघाली. बाजाराचं गाव मधून गेलं आणि भोवतालची खेडी बांगडीसारखी उरली. त्या खेड्यांचं सगळं येणंजाणं मधल्या गावातूनच, पण मतदारसंघात ते गावच नाही. त्या बांगडीचे तुकडे करून नवे गट जोडले गेले, नव्या गटांना नवी नावं आली.

नावाचंही एक आहे. गटाला त्यातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या गावाचं नाव देतात. बाकीच्या वीस-पंचवीस गावांना पाच वर्षं त्या नावाने ओळखलं जाणं पसंत असेलच असं नाही. याला कुणी क्षुल्लक म्हणू नये. गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले ते गाव शेगाव होतं. त्यांची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. नाव हा पत्ता असतो, आणि गटाचं नाव हा सत्तेपर्यंत पोचायचा पत्ता.

आरक्षणाची गोष्ट याहून नाजूक. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा देताना गटातलं त्यांचं प्रमाण पाहतात आणि जास्त प्रमाणाकडून उतरत्या क्रमाने जातात. म्हणजे एक मोठी वस्ती या गटातून त्या गटात गेली की टक्केवारीचा क्रम हलतो, आणि क्रम हलला की तिसऱ्याच गटाचं आरक्षण बदलू शकतं. २०२५ मध्ये आरक्षणाचे नवे नियम आले, त्यांनी चक्रानुक्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्यावर नागपूर खंडपीठापुढे आव्हानही गेलं, ते टिकलं नाही. म्हणून रेषेवरच्या पुष्कळ हरकतींच्या पोटात आरक्षणाची चिंता असते, पण कागदावर ती नाल्याच्या आणि रस्त्याच्या रूपात येते. अधिकारी हे ओळखतात, गावही ओळखतं. मला वाटतं ज्या हरकतीत नाला खरोखरच आडवा येतो, तिने या गर्दीत हरवू नये म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडलेला असावा. एका इच्छुकाच्या सहीपेक्षा दीडशे सह्यांचा कागद वेगळा वाचला जातो.

या जिल्ह्याला रेषा बदलणं नवं नाही. वर्धा जिल्हाच १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा काढला गेला. लॉर्ड रिपनच्या काळात, १८८३ च्या कायद्याने मध्य प्रांतात लोकल बोर्डं आली, तेव्हा मतदार म्हणजे गावोगावचे मुकादम आणि मूठभर व्यापारी. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांच्या पुढाकाराने जनपद योजना आली. तहसील हाच स्वराज्याचा घटक धरला गेला, आणि वर्धा, आर्वी, हिंगणघाट या तीन तहसिलींच्या जनपद सभा झाल्या. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपदं गेली. पुढे तीन तहसिलींचे आठ तालुके झाले. विधानसभेचा पुलगाव मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत मिटला, देवळी आला. लोकसभेला तर वर्धा नदीपलीकडचे, अमरावती जिल्ह्यातले मोर्शी आणि धामणगाव रेल्वेचे मतदार वर्ध्याचा खासदार निवडतात. एका पिढीच्या आयुष्यात माणूस जागचा न हलता चारपाच वेगवेगळ्या नकाशांत राहून येतो.

अलीकडचे बदल मात्र फार घाईचे झाले. २०१७ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची किमान सदस्यसंख्या ५० वरून ५५ आणि कमाल ७५ वरून ८५ करणारी दुरुस्ती झाली. नव्या संख्येचे गट आखले गेले, आणि सरकार बदलल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा ५० ते ७५ ठरलं. आखलेलं सगळं पुसलं गेलं. ज्या गावांनी त्या वेळी हरकतीसाठी धावपळ केली, त्यांनी तीच धावपळ २०२५ मध्ये पुन्हा केली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं म्हणून ही घाई. पण तीन वर्षं निवडून आलेला सदस्यच नसताना रस्त्याचं निवेदन कुणाकडे द्यायचं, हे कोणत्याही तक्त्यात नव्हतं.

अंतिम गट-गण ऑगस्टच्या उत्तरार्धात, पोळ्याच्या सुमारास जाहीर झाले. पुढची मोठी आखणी नव्या जनगणनेच्या आकड्यांवर होईल. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, घरयादीचं काम त्याआधी, २०२६ मध्ये. त्यासाठी गावोगावच्या प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. घरयादीला येणारा प्रगणक बहुधा गावातलाच शिक्षक असतो. आपल्या वाट्याच्या भागाचा तो एक साधा आराखडा काढतो. मंदिर, विहीर, शाळा, नाला, आणि मग ओळीने घरं. त्या भागालाच प्रगणन गट म्हणतात, आणि पुढे प्रभाग असो की गण, माणसांचा आकडा येतो तो या तुकड्यांतूनच. बेडा त्या आराखड्यात कुठे दाखवला, पुनर्वसनातली घरं कोणत्या गावाखाली लिहिली, नव्या लेआउटमधली शेवटची गल्ली आली की सुटली, हे तेव्हा त्या मास्तरांसोबत गल्लीतून चालत गेलेल्या माणसालाच सांगता येतं.